रविवारची उपासना सोमवारी घरी कशी आणायची

मंडळीतल्या दोन-तीन तरुण मुलांनी मला विचारलं की दादा, चर्चला तर आम्ही येतोच, पण बाकीचे सहा दिवस ख्रिस्ती म्हणून जगायचं म्हणजे नक्की करायचं काय. प्रश्न फार मनापासूनचा होता. त्यांच्या वयात मलाही हाच पडला होता आणि तेव्हा उत्तर मिळालं होतं "प्रार्थना करत जा", जे खरंच आहे, पण त्यावरून सकाळी उठून काय करायचं ते कळत नाही. म्हणून मला जे उपयोगी पडलं ते लिहितोय.

सगळ्यात आधी देणं फेडा. बरेच जण शास्त्रवाचनाच्या टाइमटेबलपासून सुरुवात करतात, मी म्हणेन आधी एक कागद घ्या आणि कुणाचं काय द्यायचं राहिलंय ते लिहा, उसने पैसे, परत न केलेली वस्तू, एखादी माफी. बायबलमध्ये मत्तय ५:२३-२४ इथं प्रभू येशू सांगतो की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये. नीट वाचा, तुमचा भावावर राग आहे असं तिथं म्हटलेलंच नाहीये, त्याचा तुमच्यावर आहे. म्हणजे "माझ्या मनात काही नाही बाबा" म्हणून सुटता येत नाही.

माझं आणि थोरल्या भावाचं गावाकडच्या बांधावरून बिनसलं होतं, चार वर्षं बोलणं बंद, आणि त्या चार वर्षांत मी एकही रविवार चुकवला नाही, प्रभुभोजनसुद्धा, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेत होतो. शेवटी एकदा गेलो. तो गोठ्यात वैरण टाकत होता, त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही, मी म्हटलं दादा, मोजणीच्या दिवशी मी चारचौघांत तुला बोललो ते माझं चुकलं. बराच वेळ तो काहीच बोलला नाही, हातातली पेंढी सोडत राहिला, मग आतल्या बाजूला तोंड करून वहिनीला म्हणाला, याला चहा टाक गं. बांधाचं अजून मिटलेलं नाही, पण आईला दवाखान्यात न्यायचं असलं की तो आता मला फोन करतो. तुम्ही जाणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा, माफी मागताना "पण" हा शब्द तोंडातून येऊ द्यायचा नाही, "माझं चुकलं पण तूही" म्हटलं की सगळं परत पहिल्यापासून.

दुसरं, ज्यांना तुम्ही पैसे देता त्यांच्याकडे बघा. लेवीय १९:१३ मध्ये स्पष्ट आहे की मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नकोस, आणि मी काय करायचो तर कामाच्या मावशींचा पगार आठवण होईल तेव्हा द्यायचो, कधी ५ तारखेला, कधी ९ ला. मावशी काम उरकून दारात उभ्या राहायच्या, पदराला हात पुसत, हात कोरडे झाले तरी पुसतच राहायच्या आणि मग "येते" म्हणून निघून जायच्या. त्या पगारासाठी थांबतात हे मला कित्येक महिने कळलंच नाही, आणि अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं. आता १ तारखेला, घरातला बाकी कुठलाही खर्च करायच्या आधी त्यांचे पैसे देतो. रिक्षावाला, भाजीवाली, ऑफिसातला ज्युनियर, प्रत्येकाच्या बाबतीत हेच. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाचा पालट लूकने आपल्या शुभवर्तमानात कसा दाखवलाय बघा, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत, सरळ हिशोबच.

बोलण्याचं थोडक्यात. मत्तय ५:३७, होय तर होय, नाही तर नाही. घरातून निघालो नसताना "पोचतोच पाच मिनिटांत" म्हणणं बंद करा, टॅक्सीचं बिल वाढवून लावणं बंद करा.

प्रार्थनेसाठी प्रभूने दार लावून घ्यायला सांगितलंय, आता वन बीएचकेमध्ये दार कुठलं लावायचं, तर गॅलरी चालते, बस स्टॉपही चालतो, फक्त फोन खिशात ठेवा. कौटुंबिक प्रार्थना मात्र छोटी ठेवा, दहा मिनिटं पुरे. 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत, कवी ना. वा. टिळकांची कितीतरी आहेत, मग मुलांना एक उतारा वाचू द्या, अडखळले तरी मध्येच दुरुस्त करू नका, आणि प्रार्थनेत मुलांच्या चुका देवाला सांगू नका, ते त्यांना टोमण्यासारखं लागतं आणि मग ती प्रार्थनेपासूनच पळायला लागतात.

मदत करायची तर पंडिता रमाबाईंकडे बघा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना आपल्याकडे घेऊन आल्या, त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, आणि त्याच बाई हिब्रू-ग्रीक शिकून मराठी बायबलचं भाषांतरही करत होत्या. अभ्यास आणि भाकरी त्यांनी वेगळी काढली नाही. आपल्याला तेवढं झेपणार नाही, पण मिझोराममधल्या बाया करतात ते नक्की झेपेल, रोज भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा, नंतर तो गोळा करून चर्चला द्यायचा, १९१० पासून त्यांचं हे चालू आहे. आम्ही घरी एक डबा ठेवलाय, भरला की शेजारच्या गल्लीतल्या एका आजींकडे जातो. मूठ धाकटी घालते, तिला रोज आठवण करावी लागत नाही.

आणि हे सगळं आठवडाभर जमतं असं नाही, माझंही राहतं. म्हणून शनिवारी रात्री तो पहिला कागद परत काढायचा, प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री तर काढायचाच, कारण माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी मग भाकर खावी असं प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलंय. जे फेडलं ते खोडा, नवीन काही असेल ते लिहा. माझ्या कागदावर आत्ता एक नाव आहे, ऑफिसमधल्या एकाचं, मीटिंगमध्ये त्याचं काम मी माझं म्हणून सांगितलं. उद्या उपासनेला निघायच्या आधी त्याला फोन करणार आहे, आणि सोमवारी साहेबांनाही खरं काय ते सांगायचंय.