नवा मायटर सॉ आणलाय, टेबल कसं तपासायचं

इंदूरला सांवेर रोडवर फर्निचरच्या युनिटमध्ये आहे मी. शिकायला येणारी मुलं हमखास विचारतात, काका मायटर सॉ (पट्ट्या ठरलेल्या कोनात कापायचं मशीन) घेतला, खोक्यातून काढला, आता डायरेक्ट कापायला घेऊ का? घ्या की, पण फ्रेमचं काम तरी लगेच घेऊ नका, कारण टेबल ४५ डिग्रीला अडकतं त्या खाचेत फक्त ०.१ डिग्रीचा फरक असला तरी चौकटीत काप आठ असतात आणि सगळा फरक शेवटच्या कोपऱ्यात येऊन बसतो, ०.८ डिग्री, म्हणजे ५० मिमी रुंद पट्टीला जवळजवळ १ मिमीची फट. पुट्टी भराल पण पॉलिश झाल्यावर दिसणारच.

सुरुवात मशीनपासून नाही, गुण्यापासून, म्हणजे ९० चा कोन तपासायच्या काटकोनापासून. सियागंजातून आणलेला असो नाहीतर ऑनलाइन मागवलेला, नवा आहे म्हणून बरोबर असेल असं धरायचं नाही. एमडीएफच्या (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या बोर्डच्या) सरळ कडेला गुण्या टेकवून बारीक पेन्सिलीने रेघ मारा, मग तो पालथा करून त्याच बिंदूपासून परत मारा. रेघा एकावर एक बसल्या तर ठीक, फाकल्या तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्याची. स्टीलच्या पट्टीची कडपण अशीच, रेघ मारायची, पट्टी उलटायची, परत मारायची. पट्टीच वाकडी असेल तर टेबलला नावं ठेवण्यात काय अर्थ?

मग फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच. गाड्यांच्या स्पेअर पार्टवाल्याकडे मिळतो, टॅपेट सेट करायला वापरतात तोच. नसला तर झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिमीचा असतो, काम भागतं.

आता प्लग काढा. स्विच बंद आहे वगैरे चालणार नाही, प्लग बाहेरच हवा.

स्टीलची पट्टी उभ्या कडेवर टेबलवर ठेवायची, डाव्या पंखापासून (पंख म्हणजे बाजूचा न फिरणारा भाग) मधल्या फिरत्या टेबलवरून उजव्या पंखापर्यंत, मग तिरकी दोन्हीकडून, मग पुढून मागे, आणि खालून उजेड किंवा गेज कुठे जातो ते बघायचं. हे ० वर झालं की टेबल ४५ ला फिरवून परत, कारण काही मशीनमध्ये मधला भाग फिरवला की किंचित वरखाली होतो. मधला भाग दोन्ही पंखांपेक्षा सारखाच खाली असेल तर कापायची लांब लाकडी पट्टी पंखांवर टेकते आणि ब्लेडखाली तिला आधार राहत नाही, खालच्या बाजूला चिपा उडतात, पण कोन फारसा बिघडत नाही. एकच पंख वर असेल तर मात्र पट्टी तिरपी बसते आणि उभा ९० गेला, त्याला कडक पत्रा किंवा टेप लावून दुसरी बाजू उचलावी लागते. ब्लेडच्या फटीतली प्लेट वर आलेली असेल तर ती स्क्रूने खाली घ्या, लोक टेबल वाकडं म्हणून ओरडतात आणि डगडगत असते ही प्लेट.

किती फरक चालेल? मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. माझं मत, फर्निचरच्या कामाला ०.२ मिमीपर्यंत डोकं खाऊ नका, अर्धा मिमी दिसला तर बदलून घ्या, आणि हे सगळं मशीन परत करायची मुदत संपायच्या आत करा, नंतर दुकानदार कशाला ऐकतोय.

फेन्स, म्हणजे लाकूड टेकवायची मागची उभी भिंत, दोन तुकड्यांची दिसते, ते दोन्ही एका रेषेत हवेत, पट्टी आडवी लावून बघा. ती सरळ निघाली की मगच गुण्या लावा, एक कड फेन्सला, दुसरी ब्लेडच्या पत्र्याला, दातांना नाही, दात पत्र्यापेक्षा जाड असतात आणि बाहेर आलेले असतात, त्यांना टेकला की माप खोटं. फरक असेल तर फेन्सचे बोल्ट ॲलन कीने सैल करून सेट करायचं. बेव्हलचा (ब्लेड बाजूला कलतं त्याचा) ९० तसाच, गुण्या टेबलवर उभा करून, त्याचा स्टॉप स्क्रू वेगळा असतो.

खरा निकाल कापाचा. १५० मिमी रुंद एमडीएफ घ्या, दोन्ही कडा समांतर असलेला (हे महत्त्वाचं), मधोमध कापा, एक तुकडा लांबीवर पालथा करून दोन्ही फेन्सला टेकवा आणि कापलेल्या कडा भिडवा. चूक दुप्पट होऊन दिसते, ०.१ डिग्रीला अर्धा मिमी फट. वरून दिसते ती फेन्सची चूक, बाजूने दिसते ती बेव्हलची, पण बेव्हलसाठी जाड लाकूड घ्या, १८ मिमीत काही कळत नाही. काप हळू घ्या, घाईत ब्लेड वाकतं आणि तुम्ही उगाच फेन्स हलवत बसता. दर वेळी फट वेगळी येत असेल तर फेन्सला हात लावू नका, स्लाइडचा (ब्लेड पुढेमागे सरकतं त्या दांड्यांचा) ढिलेपणा किंवा ब्लेड बघा.

मशीन साइटवर नेऊन टेम्पोतून परत आणली की फेन्स आणि दोन्ही ९० तेवढे परत बघायचे. टेबल ओतीव ॲल्युमिनियमचं असतं, आपटलं नसेल तर त्याला परत हात लावायची गरज नाही.