बागेच्या पाइपचे नोझल घेण्यापूर्वी टाकीची उंची पाहा

बागेच्या पाइपसाठी नोझल घेताना बहुतेक जण पाकिटावर फवाऱ्याचे किती प्रकार दिले आहेत तेवढेच पाहतात. घरच्या नळाला दाब किती आहे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक नोझल स्वतः दाब निर्माण करत नाही. मागे असलेल्या दाबाचे तोंडापाशी वेगात रूपांतर करणे एवढेच त्याचे काम असते, त्यामुळे दाबच कमी असेल तर महागातले नोझलही नुसते ठिबकत राहते.

आपल्याकडे बागेचा नळ बहुधा गच्चीवरच्या टाकीला जोडलेला असतो. पाण्याच्या 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो. बैठ्या घराच्या गच्चीवरील टाकीतले पाणी अंगणातल्या नळापेक्षा 5 मीटर उंच असेल, तर नळापाशी जेमतेम अर्धा बार दाब असतो. मग टाकी 500 लिटरची असो वा 2000 लिटरची. एवढ्या दाबावर उभी सोडलेली धार टाकीतल्या पाण्याच्या पातळीपलीकडे जाऊ शकत नाही, दुकानदार काहीही सांगो. सोसायटीच्या इमारतीत तळमजल्याच्या बागेला चांगला दाब मिळतो, पण टाकीच्या लगेच खाली असलेल्या मजल्यावरच्या बाल्कनीत तो सर्वांत कमी असतो.

दाबाचा अंदाज आला की प्रवाह मोजावा. पाइप नळाला लावून, नोझल न बसवता, 10 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहावे आणि 600 ला त्या सेकंदांनी भागावे. येणारा आकडा म्हणजे मिनिटाला मिळणारे लिटर. बादली 40 सेकंदांत भरली, तर प्रवाह मिनिटाला 15 लिटर आहे. हीच मोजणी पाइप काढून थेट नळाखाली केली असता बादली बरीच लवकर भरत असेल, तर दोष पाइपचा आहे आणि नोझल बदलून काही साधणार नाही. अर्ध्या इंची, 15 मीटर लांब पाइपमधून मिनिटाला 15 लिटर पाणी न्यायचे झाल्यास केवळ घर्षणापोटी सहा मीटरच्या आसपास उंचीइतका दाब खर्ची पडतो, म्हणजे बैठ्या घराच्या टाकीचा दाब तेवढ्यालाही पुरत नाही. पाऊण इंची पाइपमध्ये हेच नुकसान एक मीटरच्या आत राहते. कमी दाबाच्या घरात माझ्या मते पहिला खर्च पाइपवरच करावा, आणि तो गरजेपेक्षा लांब घेऊ नये.

अर्ध्या-पाऊण बार दाबाला पितळी, पिळून उघडायचे सरळ नोझल किंवा मोठ्या भोकांची झारीसारखी जाळी उत्तम चालते. पिळायच्या नोझलात पाण्याची वाट सरळ असते आणि धार हवी तशी बारीक-जाड करता येते. जाळीतून पाणी हळुवार पडत असल्याने कुंडीतली माती उडत नाही आणि कोवळी रोपे आडवी होत नाहीत. पिस्तुलासारख्या, फिरत्या चकतीच्या नोझलात पाण्याला स्प्रिंगच्या झडपेतून आणि अरुंद वाटांतून जावे लागते. दोन-एक बार दाब असेल तरच त्याचे सगळे फवारे नीट चालतात. धुक्यासारखा फवारा तर कमी दाबावर उडतच नाही, नुसते थेंब गळतात.

घरी प्रेशर पंप असेल तर पिस्तुली नोझल जरूर घ्यावे, कारण एका कुंडीकडून दुसरीकडे जाताना खटका सोडला की पाणी थांबते. मात्र पंप आपोआप बंद होणारा आहे याची खात्री करावी. तसा नसल्यास बंद नोझलवर तो चालूच राहतो, आतले पाणी तापते आणि सील खराब होते. काम झाल्यावर नळही बंद करावा, नाहीतर उन्हात तापून मऊ झालेला पाइप दाबाखाली राहतो आणि क्लिपपाशी निसटतो.

बोअरच्या जड पाण्यावर जाळीची बारीक भोके क्षाराने बुजतात, म्हणून जाळी फिरवून काढता येणारे नोझल निवडावे आणि ती अधूनमधून पातळ व्हिनेगरमध्ये भिजवून घासावी. आटे नळाच्या किंवा कनेक्टरच्या मापाचे आहेत ना, हे दुकानातच जुळवून पाहावे आणि सोबत दोन-चार रबरी वायसर घेऊन ठेवावेत.