जुन्या कॅसेट डिजिटल करण्याआधी: क्वालिटी सेटिंगची तयारी

रिझोल्यूशनचा आकडा निवडण्याआधी हातात कुठली कॅसेट आहे ते बघा. मिनीडीव्ही असेल तर अर्धं काम वाचलं. तिच्यावरचं चित्रण मुळातच डिजिटल असतं, त्यामुळे चालू कॅमेरा आणि फायरवायर केबल (कॅमेऱ्यातला डिजिटल डेटा कॉम्प्युटरला नेणारी) मिळाली की ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, तासाला साधारण १३ जीबी. तिथे क्वालिटी ठरवण्याचा प्रश्नच येत नाही. खरा विचार करावा लागतो तो व्हीएचएस आणि व्हिडिओ-८ सारख्या ॲनालॉग कॅसेटसाठी.

व्हीएचएसचा आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा. म्हणून कॅप्चर करताना, म्हणजे टेप चालवून चित्र कॉम्प्युटरमध्ये घेताना, १०८० (फुल एचडी) निवडून काही पदरात पडत नाही, फाइल तेवढी फुगते. टेप पाल (भारतातली टीव्ही पद्धत) असेल तर ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) असेल तर ७२० बाय ४८० आणि २९.९७, एवढंच ठेवा. चित्राचं प्रमाण मात्र ४:३ असल्याचं नोंदवा, नाहीतर रुंद पडद्यावर घरातली सगळी माणसं आडवी सुटलेली दिसतील.

यानंतरची तपासणी सर्वात महत्त्वाची: डीइंटरलेस (अर्ध्या चित्रांच्या पूर्ण फ्रेम बनवणं) हा पर्याय बंद आहे ना, ते तपासा. टेपवरची प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची (फील्डची) बनलेली असते आणि ती दोन चित्रं वेगवेगळ्या क्षणांची असतात. झोक्यावरच्या पोराचा हात हलला की कॉम्प्युटरवर त्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात, आणि त्या बघून लोक घाईघाईने तो पर्याय चालू करतात. साध्या पद्धतीत मग सेकंदाच्या ५० क्षणांपैकी २५ कायमचे जातात. मूळ फाइल इंटरलेस्डच, म्हणजे अर्ध्या चित्रांचीच, राहू द्या. बघण्यासाठी दुसरी प्रत करताना मात्र डीइंटरलेस करून ती सेकंदाला ५० फ्रेमची करा, एनटीएससी असेल तर ५९.९४ ची. हालचाल पुढेमागे थरथरली तर फील्डचा क्रम उलटा लागला आहे, तेवढाच बदला.

बिटरेटचं, म्हणजे सेकंदाला किती डेटा साठवायचा याचं, गणित थोडं फसवं आहे. चित्र खराब आहे, मग कमी बिटरेट चालेल, असं वाटतं. होतं उलटंच. टेपवरची मुंग्यांसारखी खरखर प्रत्येक फ्रेममध्ये बदलते आणि कॉम्प्रेशन तिच्यावरच खर्ची पडतं, मग चेहऱ्यांवर चौकोन उमटतात. पुन्हा मिळणार नाही असं घरगुती चित्रण हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ या कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे काहीही न गमावता घ्या, असं माझं स्पष्ट मत. तासाला ३० जीबीच्या आसपास जागा लागेल, तेव्हा डिस्क आधीच मोकळी करा. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमांना एवढा मान द्यायची गरज नाही. तिथे एच.२६४ हे नेहमीचं कॉम्प्रेशन आणि ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) बिटरेट पुरे, तासाला साडेतीन जीबीच्या जरा वर. डिस्कचा फॉरमॅट जुना फॅट३२ असेल तर ४ जीबीला फाइल अडते, हेही आधीच बघून ठेवा. आवाज ४८ किलोहर्ट्‌झ, १६ बिट.

कॅप्चर कार्डाच्या (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या उपकरणाच्या) सेटिंगमधला कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेसही बघा. कॉन्ट्रास्ट जास्त असेल तर पांढऱ्या शर्टाच्या चुण्या नाहीशा होऊन सपाट पांढरा ठिपका उरतो, आणि तो नंतर कशानेही भरून येत नाही. शार्पनेस वाढवू नका. चित्राच्या तळाशी फाटल्यासारखी पट्टी दिसते तो व्हीएचएसचा स्वभावच आहे, मूळ फाइलमध्ये ती पट्टी कापू नका.

टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालूच नका, एका कॅसेटची घाण हेडवरून पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. व्हीएचएस कॅसेटच्या पाठीवरचा रेकॉर्डिंगला मुभा देणारा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड, मग रिवाइंड. व्हीसीआरला एस-व्हिडिओचं भोक असेल तर पिवळ्या केबलऐवजी ते वापरा. कॉम्प्युटरचा स्लीप मोड बंद.

आता टेपच्या मधला, भरपूर हालचालीचा पाच मिनिटांचा तुकडा घेऊन बघा आणि फ्रेम गळल्याचा (ड्रॉप्ड फ्रेम्स) आकडा शून्यावर आहे का ते तपासा. पूर्ण टेप उतरल्यावर फाइलच्या शेवटच्या मिनिटांत बोलणाऱ्याचे ओठ बघा. आवाज मागेपुढे होत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये ओढाताण करण्याआधी व्हीसीआर आणि कार्डाच्या मध्ये टाइम बेस करेक्टर (टेपचा डळमळता सिग्नल स्थिर करणारं उपकरण) लावून तीच टेप पुन्हा घ्या.