पृष्ठवंशी की कशेरुक? शब्द असा फोडा

बेळगाव-खानापूरकडच्या मुलांना मराठी पुस्तकात ‘पृष्ठवंशी’, म्हणजे पाठीचा कणा असलेला प्राणी, भेटतो, कन्नड पुस्तकात ‘कशेरुक’. प्राणी तेच, शब्दही दोन्ही संस्कृतातलेच. आधी तुकडे पाडा. पृष्ठ म्हणजे पाठ. वंश म्हणजे इथे कूळ नव्हे, वेळू. घोळ होतो तो इथेच. वेळूच्या पेरांसारखे मणके एकापुढे एक, म्हणून पाठीचा वेळू. कशेरुका म्हणजे कणा. आपला मणका मात्र सरळ मण्यावरून आलाय, आणि तोच लक्षात राहतो.

‘संधिपाद’ सोपा: संधी म्हणजे सांधा, पाद म्हणजे पाय. इंग्रजीत याच प्राण्यांना ‘आर्थ्रोपॉड’ म्हणतात; त्यातल्या ग्रीक ‘आर्थ्रॉन’चा अर्थही सांधाच, आर्थ्रायटिसमधला. ओढ्यातला खेकडा नीट बघा: पायाला जागोजागी सांधे. पाय मोजताना नांग्या सोडू नका. त्या धरून 10 भरतात.