ऑप्टोमेकॅनिक्समध्ये येताय? आधी फोनॉन मोजा

ऑप्टोमेकॅनिक्स म्हणजे प्रकाश किंवा मायक्रोवेव्हने सूक्ष्म कंपनं मोजायचं आणि काबूत ठेवायचं शास्त्र. एमएस्सी करून लॅबमध्ये येणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात एन्टँगलमेंटवर (दोन वस्तूंच्या क्वांटम अवस्था एकमेकींत गुंतवण्यावर) काम हवं असतं. मी आधी एक गणित देते. 10 मेगाहर्ट्झने कंप पावणारा अ‍ॅल्युमिनियमचा चिमुकला ढोल डायल्यूशन फ्रीजमध्ये (निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेणाऱ्या फ्रीजमध्ये) 20 मिलिकेल्विनला ठेवला, तर सरासरी किती फोनॉन, म्हणजे कंपनाच्या ऊर्जेची पुडकी, उरतील? उत्तर येतं चाळीसच्या आसपास. एवढा महागडा फ्रीज लावूनही ग्राउंड स्टेट, म्हणजे जवळपास शून्य फोनॉनची अवस्था, लांबच!

2011 मध्ये अमेरिकेत बोल्डरच्या एनआयएसटी या मापनसंस्थेत असाच, 15 मायक्रॉन व्यासाचा ढोल 0.34 फोनॉनपर्यंत आणला, तो मायक्रोवेव्हने. ढोल मायक्रोवेव्हच्या सर्किटला जोडलेला असतो. पंपाची, म्हणजे बाहेरून सोडलेल्या मायक्रोवेव्हची, फ्रीक्वेन्सी सर्किटच्या रेझोनन्सपेक्षा बरोबर ढोलाच्या फ्रीक्वेन्सीइतकी खाली ठेवायची. मग सर्किटमध्ये शिरायला फोटॉनला जी ऊर्जा कमी पडते, ती तो ढोलाकडून उचलतो आणि बाहेर घेऊन जातो. मात्र सर्किटची लाइनविड्थ (रेझोनन्सची रुंदी) ढोलाच्या फ्रीक्वेन्सीपेक्षा बरीच कमी हवी, नाहीतर उलटा व्यवहारही जोरात चालतो आणि ढोल तापतो. त्याच वर्षी कॅलटेकने सिलिकॉनच्या नॅनोबीमवर (अतिसूक्ष्म दांडीवर) लेझरने हे साधलं.

लेझर की मायक्रोवेव्ह? प्रकाशात खोलीच्या तापमानालाही उष्णतेचे फोटॉन जवळजवळ नसतात, पण चिप प्रकाश शोषते आणि गरम होते. 5 गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हला मात्र खोलीच्या तापमानाला तेच फोटॉन हजाराच्या वर. म्हणून फ्रीजच्या प्रत्येक टप्प्यावर, वरून येणारे हे फोटॉन गिळणारे अ‍ॅटेन्युएटर. मला विचाराल तर मायक्रोवेव्ह. व्हीएनए (सर्किटचा प्रतिसाद मोजणारं उपकरण) आणि डेसिबल अंगवळणी पडले की पुढे क्यूबिटच्या (क्वांटम संगणकाच्या बिटच्या) लॅबमध्येही दार उघडतं.

खरी परीक्षा कॅलिब्रेशनची, म्हणजे सिग्नलवरून फोनॉन मोजायची पट्टी बसवण्याची. पंप अगदी मंद ठेवून फ्रीजचं तापमान 20, 50, 100, 200 मिलिकेल्विन असं चढवत न्यायचं आणि दर वेळी स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरवरच्या ढोलाच्या पीकखालचं क्षेत्रफळ काढायचं; ते फोनॉनच्या संख्येच्या प्रमाणात असतं. तापमान आणि क्षेत्रफळ यांचा आलेख सरळ रेषेत हवा. खालच्या टोकाला तो आडवा झाला, तर थर्मामीटर 20 दाखवत असला तरी ढोल तेवढा थंड नाही. नव्या मुलांना हे काम रटाळ वाटतं. पण ही रेषा नसेल तर तुमच्या 'अर्ध्या फोनॉन'वर कोणी विश्वास ठेवत नाही.

भारतात बंगळूरच्या आयआयएस्सीत आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्ये डायल्यूशन फ्रीजवर संशोधन चालतं. कुठेही अर्ज करा, मुलाखतीत बिनधास्त विचारा: एका फ्रीजवर किती जण आहेत? चिप बदलायची तर फ्रीज गरम करून पुन्हा थंड करण्यात काही दिवस जातात आणि तोवर रांगेतले बाकीचेही ताटकळतात.