कोंबड्यांना खाऊ किती आणि खाद्य किती

आमच्या परसात ८ कोंबड्या आहेत, निम्म्या गावरान, निम्म्या ग्रामप्रिया म्हणजे परसात पाळायची सुधारित जात, आणि गेल्या मे महिन्यात एक दिवस अंडं उचलायला गेले तर हाताला कवचच लागेना, नुसती पातळ कातडी, बोट टेकवलं की खड्डा पडायचा. दोन दिवसांनी दुसरीचं पण तसंच. घरात पाहुणे होते, रोज उरलेला भात, चपात्या, कलिंगडाच्या साली सगळं खुराड्यासमोर जात होतं आणि लेयर मॅशचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्याचं भांडं संध्याकाळी तसंच भरलेलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते, पोट तेवढंच. लेयर खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, भातात नि मक्यात कॅल्शियम जवळपास नाहीच, आणि एका अंड्याच्या कवचालाच सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. म्हणजे भाताने पोट भरलं की ते येणार कुठून, तर तिच्या हाडांतून, बिचारी स्वतःला झिजवून अंडी देते. म्हणून खाऊ, म्हणजे घरातलं उरलंसुरलं नि वरचे दाणे, दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. ८ कोंबड्यांना मिळून ९० ग्रॅमच्या आसपास, मी एकदा वजनकाट्यावर बघितलं तर आमची एक ज्वारीची भाकरी जवळपास तेवढीच भरली. आठ जणींत एक भाकरी, बस्स! कमी वाटतं ना, मलाही वाटलं होतं.

सकाळी खुराडं उघडलं की आधी फक्त खाद्य आणि पाणी. खाऊ दुपारी तीन-चारला, तोपर्यंत त्यांनी बरंचसं खाद्य खाल्लेलं असतं. पण खाद्याचं भांडं अंधार पडेपर्यंत ठेवायचंच, कारण कवच बरंचसं रात्रीत तयार होतं आणि संध्याकाळी त्या कॅल्शियम शोधत असतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, खाद्यात मिसळू नका, जिला हवा ती खाईल. ज्वारी-बाजरी देत असाल तर जवळ बारीक खडे पण असू द्या, त्यांना दात नाहीत, दाणा पोटात खड्यांनीच दळला जातो.

पालेभाज्यांची देठं, शेवग्याचा पाला, काकडी चालते. लोणचं, फरसाण, खारट काहीही नको, कच्चा राजमा, हिरवट बटाट्याच्या साली, चॉकलेट तर अजिबात नको. आणि बुरशी आलेली भाकरी "कोंबड्याच तर आहेत" म्हणून टाकू नका प्लीज, त्या बुरशीचं विष लिव्हरवर जातं.

दिवसभर शेतात, उकिरड्यावर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या किडे नि वाळवी स्वतःच शोधतात, त्यांना हे गणित जसंच्या तसं लावू नका. आणि घरात पिल्लं असतील तर त्यांचं खाद्य वेगळंच ठेवा, लेयर खाद्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या किडनीला झेपत नाही, लेयर खाद्य त्या अंड्यावर यायच्या सुमारास, १८-२० आठवड्यांनीच सुरू करा.