घोड्यावर बसलेलं जॅकेट

‘इक्वेस्ट्रियन’ म्हणजे घोडेस्वारीचा विषय घेतलेल्या फॅशनच्या विद्यार्थ्याच्या मूडबोर्डवर, म्हणजे कल्पनेसाठी चित्रं चिकटवायच्या फलकावर, पहिल्या आठवड्यात काय चिकटणार, ते मी न बघता सांगू शकते. मावळतीच्या उजेडात धावणारा काळा घोडा, गुडघ्यापर्यंतचे बूट, राल्फ लॉरेनची एखादी जुनी जाहिरात, पितळी नाल आणि लाल कोटातली इंग्रजी शिकार. सगळी खोगीरभरती. यातून जॅकेट निघत नाही, फार तर नालेच्या आकाराचं बटण निघतं. मी पुण्यात पॅटर्न-कटिंग शिकवते आणि दरवर्षी कोणीतरी हा विषय घेतंच, म्हणून साहित्य कसं गोळा करायचं ते एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी स्वार ठरवा. गावाकडच्या वाटांवरून रमतगमत रपेट करणारा इंग्रज, कुत्र्यांमागे कुंपणं ओलांडणारा शिकारी, एका बाजूला पाय घेऊन बसलेली व्हिक्टोरियन बाई, घोडदळातला शिपाई, मराठी शिलेदार: प्रत्येकाचं बसणं वेगळं, म्हणून कोट वेगळा. एकच निवडा. दोन निवडलेत तर तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे रडत याल.

काहीच सुचत नसेल तर हॅकिंग जॅकेट, म्हणजे रपेटीचा कोट, घ्या. ट्वीडचं (जाडसर लोकरी कापडाचं), तीन बटणांचं, कंबरेत आत घेतलेलं, खाली घेर असलेलं. खिसे तिरके, त्यांवर फ्लॅप, बऱ्याचदा उजव्या खिशाच्या वर तिकिटाचा छोटा खिसा, आणि पाठीमागे मधोमध एकच लांब कट. यातलं काहीही शोभेसाठी सुरू झालेलं नाही. घोड्यावर बसलं की जांघेशी घडी पडते, सरळ खिशाचं तोंड त्या घडीत दबतं. तिरक्या खिशात हात जातो. मागचा कट लांब असतो, कारण कोटाच्या दोन्ही बाजू खोगिराच्या दोन अंगांना पडायला हव्यात. घेर मांडीवरून सुटून खाली उतरावा म्हणून.

हे वाचून पुरत नाही, अंगावर घेऊन बघावं लागतं. घरातला एखादा रेडिमेड ब्लेझर घाला, बटण लावा, आणि मोटारसायकल मधल्या स्टँडवर लावून तिच्यावर बसा. कोपरं अंगाशी, हात लगाम धरल्यासारखे पुढे, पाठ ताठ. मैत्रिणीला बाजूने आणि मागून फोटो काढायला सांगा. कॉलर मानेपासून सुटतो, बाही मनगटाच्या वर सरकते, पाठीवर आडव्या चुण्या येतात, मागची कड सीटवर गोळा होते. जिथे जिथे अडलं तिथे ब्लेझरवरच खडूने खूण करा. या खुणा म्हणजे तुमची खरी ब्रीफ, काय सोडवायचं त्याची यादी. मूडबोर्डच्या मधोमध तो खडूचे डाग पडलेला फोटो लावा. घोडा नंतर बघू.

माझ्या वडिलांचं कॅम्पात दुकान होतं. स्वारीचा कोट असला की ते गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करायच्या आधी बाकावर आडवा लोड टाकून त्यावर बसवायचे. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावरच्या ब्रीचेस (स्वारीच्या विजारी) शिवणाऱ्या दुकानांत तर ट्रायलसाठी लाकडी घोडाच असे. तिथलं हंट्समन हे दुकान १८४९ साली ब्रीचेस आणि गेटर्स (पोटरीवरची आवरणं) शिवणारं म्हणून सुरू झालं, आणि त्यांच्या एका बटणाच्या सुटात स्वारीच्या कोटाची कंबर अजून ओळखू येते. त्यांच्या जॅकेटचे फोटो बघताना समोरून नको, बाजूने बघा. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, किती वर आहे ते बघा. मुंढा वर असला की हात हलवला तरी कोट जागचा हलत नाही. खाली उतरवलेला मुंढा ‘आरामदायक’ वाटतो आणि हात उचलताच अख्खा कोट वर ओढतो, हे माझ्या वर्गात सगळ्यात उशिरा पटतं.

मग घोडे बघायला जा. सकाळी लवकर, एखाद्या रायडिंग स्कूलमध्ये, परवानगी काढून. घोड्याच्या मागे उभं राहू नका, फ्लॅश मारू नका, कापडाचे तुकडे फडफडवू नका. वहीत घोड्याचं चित्र काढत बसू नका, तुमचा वेळ जाईल. स्वाराची कंबर ते खोगीर एवढाच पट्टा काढा: कड खोगिराच्या मागच्या उंचवट्यावर टेकते का, दुडकी चालीत कट कुठपर्यंत उघडतो, कोपर मागे जाताना बगलेत काय होतं. मोतद्दाराशी, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्याशी, बोला. लगाम, तंग, रिकिबीचा पट्टा हातात घेऊन बघा. जाड कातड्याला दोन सुयांनी एकाच धाग्याचा टाका घातलेला असतो, एक टाका तुटला तरी शिवण उसवत नाही. कड कशी दुमडली आहे, भोकांच्या मागे जास्तीचं कातडं कुठे दिलंय, हे टिपा. जॅकेटवर बकल चिकटवण्यापेक्षा ही टिपणं जास्त कामाची.

रेसकोर्सवर जॅकेट शोधायला जाऊ नका. जॉकीच्या अंगात असतो तो रंगीत पातळ शर्ट. त्यात टेलरिंग नाही. रंगांच्या फाळण्यांसाठी जायचं तर जरूर जा, पुण्याच्या पावसाळी शर्यती छानच असतात. पण शिवलेला कोट बघायचा तर शो-जंपिंगच्या स्पर्धेला जा. हल्लीचे स्पर्धेचे कोट ताणणाऱ्या कापडाचे असतात आणि कित्येकदा बटणांच्या मागे चेन असते. नाक मुरडू नका, तीही माहितीच आहे.

सगळ्यात श्रीमंत खजिना मात्र बायकांच्या रायडिंग हॅबिटमध्ये, म्हणजे स्वारीच्या पोशाखात, आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळांवर ‘रायडिंग हॅबिट’ आणि ‘साइड सॅडल’ (एका बाजूला पाय घेऊन बसायचं खोगीर) हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. मेट्रोपॉलिटनने २०१७ पासून स्वामित्वहक्क संपलेल्या वस्तूंची चित्रं मोफत उतरवून घ्यायला दिली आहेत, त्यामुळे मोठं करून टाकेही बघता येतात. चित्र साठवताना साल, कापड आणि ठिकाण त्याच फाइलच्या नावात लिहा, नाहीतर महिन्याभराने तुमच्याकडे नुसते सुंदर अनाथ फोटो उरतील.

हॅबिटचा वरचा भाग पुरुषी कोटासारखा, आणि शिवणारेही बहुधा पुरुषांचे शिंपी. खाली मात्र वेगळंच प्रकरण. दोन्ही पाय घोड्याच्या डाव्या अंगाला, उजवी मांडी खोगिराच्या वरच्या शिंगावर, म्हणजे पाय अडकवायच्या वाकड्या आधारावर. १८३० च्या सुमाराला डाव्या मांडीच्या वर दुसरं शिंग आलं, मांडी त्याखाली दाबून धरता येऊ लागली आणि बायका उड्या मारण्याइतक्या पक्क्या बसू लागल्या. म्हणून घागरा दोन बाजूंना सारखा कापलेला नसतो. उजव्या गुडघ्यासाठी त्यात जागा काढलेली असते. संग्रहालयातल्या उभ्या पुतळ्यावर तो वाकडा, लोंबता दिसतो. घोड्यावर त्याची कड सरळ पडे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी, पडल्यावर शिंगात अडकून फरफटत जाण्याच्या अपघातांमुळे, मागून उघडा, एप्रनसारखा घागरा आला. जॅकेट पुढे आखूड, वर आलेल्या गुडघ्यावर चुरगळू नये म्हणून, मागे शेपूट. तुम्हाला असममित जॅकेट करायचंच असतं ना, हल्ली सगळ्यांनाच करायचं असतं, तर इथे त्याला कारण आहे. एक कड आखूड का, असं ज्युरीने (परीक्षकांनी) विचारलं तर ‘डायनॅमिक वाटतं’ याच्यापेक्षा बरं उत्तर तुमच्याकडे असेल.

आपल्याकडचा स्वारही विसरू नका, पण पैठणीचा काठ लावून त्याला फ्यूजन म्हणू नका. बाराबंदी आणि अंगरखा उलगडून बघा. डार्ट (आकारासाठी घातलेल्या चिमट्या) नाहीत, कॅनव्हास (आतलं ताठ अस्तर) नाही. पुढचे दोन पदर एकमेकांवर येतात आणि बंदांनी आवळले जातात, अंगरख्याचा घेर कळ्यांनी, म्हणजे खाली रुंद होणाऱ्या तुकड्यांनी, येतो. हात मोकळा हलावा म्हणून इंग्रज कटर मुंढा वर घेतो आणि बाही पुढे झुकवून लावतो. अंगरख्याच्या शिंप्याने बगलेत वेगळा तुकडा घातला. एकाच अडचणीची दोन उत्तरं. दोन्ही मांजरपाटात अर्धी-अर्धी शिवून एकाच अंगावर घाला, डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि हात पुढे करा. पुण्यात असाल तर केळकर संग्रहालय बघा, आणि शिवाजीनगरला नानासाहेब करमरकरांनी घडवलेल्या महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याभोवती (१९२८) एक चक्कर मारून वस्त्राची कड कुठे कशी पडते त्याचं रेखाटन करा. डिसेंबरात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते. तिथे खोगिरं आणि साज पाहायला मिळतात.

कापड नावाने नको, हाताने निवडा. मेल्टन हे दाबून घट्ट केलेलं लोकरी कापड, वारा अडवतं, कापलेली कड फारशी सुटत नाही. इंग्लंडमधल्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेल्या मेल्टन मोब्रे गावाचं नाव त्याला आहे. कॅव्हलरी ट्विलवर दुहेरी तिरप्या रेघा असतात. मुंबई-पुण्याच्या हवेत यातलं काहीच वापरवत नाही, तेव्हा घट्ट विणीचं सुती ड्रिल किंवा हलकी लोकर बघा. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी मला मोहात पाडते, पण ती टोचते आणि जाड असते. लेपलला (कोटाच्या छातीवरच्या दुमडीला) नको, पाठीच्या एखाद्या फाळणीला, खाली चांगलं अस्तर देऊन. लाल शिकारी कोट घेणार असाल तर इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांनी कोल्ह्याची शिकार करण्यावर २००४ च्या कायद्याने बंदी आहे हे ठाऊक असू द्या. कोणीतरी विचारतंच.

फॅशन घराणी सगळ्यात शेवटी. हर्मेसची सुरुवात १८३७ साली पॅरिसमध्ये घोड्यांचा साज बनवण्यापासून झाली, गुच्चीचे लगामाच्या कडीचे बूट १९५३ चे. आधी बघितलीत तर त्यांचीच नक्कल हातून उतरते.

आता भिंतीवरचं सगळं उतरवा आणि प्रत्येक कागदाच्या मागे एक वाक्य लिहा: हे का आहे. ज्याच्या मागे काही लिहिता येत नाही तो कागद बाजूला. उरलेल्यांतून एका स्केचमध्ये एकच गोष्ट ताणा: फक्त कट, फक्त खिशाचा तिरकेपणा, फक्त बगल. मांजरपाटाची ट्रायल शिवताना मागच्या कटाला माया भरपूर सोडा, कारण बसल्यावर लांबी बदलावीच लागते. ज्युरीला कॉलेज मॅनिकिनवर मांडायला सांगेल, तसं मांडा. शेजारी बसलेल्या अंगावरचा बाजूचा फोटो लावा, त्याच आकाराचा.